सागाचं रान गावानं कसं राखायचं: सभेपासून गस्तीपर्यंत

सागाचा ताजा खुंट आधी नाकाला कळतो. कातड्यासारखा तेलकट वास येतो, भोवती भुसा सांडलेला असतो, आणि दोन पावलांवर टाकून दिलेल्या शेंड्याच्या फांद्यांची पानं अजून पुरती वाळलेली नसतात. गडचिरोली-चंद्रपूरकडे ज्यांचं गाव रानाला लागून आहे त्यांनी हे पाहिलेलं असतं. त्यानंतरची पारावरची चर्चाही ऐकलेली असते: कोणी तोडलं, गार्ड कुठं होता, आणि आपण काय करणार? हा लेख त्या शेवटच्या प्रश्नासाठी आहे.

बऱ्याच गावांच्या सभांना बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. रानाची खरी राखण दुपारच्या सभेत होते, रात्रीची गस्त हा तिचा फक्त एक भाग. ज्या गावाची सभा नेमानं बसते, ज्या गावाकडे स्वतःचा नकाशा आणि स्वतःचा हिशेब आहे, तिथली गस्त वर्षानुवर्षं टिकते. बाकी ठिकाणी दोन महिने उत्साह असतो, मग काठ्या कोपऱ्यात जातात. म्हणून खाली गस्त बरीच उशिरा येते. तो क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे.

रान कोणतं, हक्क कोणता

इथं बोलतोय ते पूर्व विदर्भातल्या पानगळीच्या रानाबद्दल. साग, ऐन, बिजा, शिसम, हळदू, तिवस, धावडा, खैर, रोहन ही सगळी कठीण लाकडाची झाडं, मधूनमधून मोह, तेंदू, चारोळी आणि खाली बांबू. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग अजून वनाखाली आहे. आलापल्लीजवळ जुन्या सागांचा सहा हेक्टरांचा तुकडा राखलेला आहे, 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एकदा जाऊन मान वर करून पाहावं. आपलं रान कसं होऊ शकतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सभेत नीट बोलता येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. 2006 चा वनहक्क कायदा गावाला दोन महत्त्वाच्या गोष्टी देतो. एक, गौण वनोपजावर मालकी: बांबू, तेंदूपत्ता, मोहफूल, मध, लाख, कंदमुळं, औषधी वनस्पती. दोन, गाव परंपरेनं ज्या रानाचं रक्षण करत आलं त्या ‘सामूहिक वनसंसाधना’चं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. त्यासाठी कलम 3 मधलं पोटकलम 1(आय) वाचा. सोबत कलम 5 वाचा: रानाला, वन्यप्राण्यांना, पाण्याच्या उगमांना बाधा आणणारी कामं रोखण्याचा अधिकार तिथं ग्रामसभेला दिलेला आहे.

आता एक गोष्ट पहिल्याच सभेत स्पष्ट सांगा, नाहीतर पुढं मनं मोडतात. गौण वनोपजाच्या व्याख्येत इमारती लाकूड येत नाही. म्हणजे साग राखायचा गावानं, पण तो तोडून विकण्याचा हक्क या कायद्यानं मिळत नाही. मग राखायचा कशाला, असं कोणीतरी विचारतंच. मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातल्या गावाकडे त्याचं उत्तर आहे. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांचा सामूहिक हक्क मिळालेलं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. त्यांची कमाई बांबूतून आली. बांबू, तेंदू आणि मोह टिकायचे तर वरचं झाडोऱ्याचं छत टिकायला हवं. बाकीचं रान पोसतं, म्हणून सागही उभा राहतो.

आधी सभा, आणि ती टोल्याची

सर्वांत मोठी चूक इथं होते. गट ग्रामपंचायतीची ग्रामसभा म्हणजे पाच-सहा गावांची एकत्र सभा. तिच्यात रानाचा प्रश्न कधीच नीट बोलला जात नाही, कारण प्रत्येक गावाचं रान वेगळं असतं. वनहक्क कायद्यातली ग्रामसभा म्हणजे त्या एका गावातल्या, पाड्यातल्या, टोल्यातल्या (म्हणजे लहान वस्तीतल्या) सगळ्या प्रौढांची सभा. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्यानं (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि राज्याच्या 2014 च्या पेसा नियमांनी टोल्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाटही दिली आहे. तीस घरांचा टोला असला तरी सभा त्याची स्वतःची घ्या.

गणपूर्ती लक्षात ठेवा, कारण पुढं सामूहिक हक्कासाठी गावानं केलेला दावा नेमका इथंच अडवला जातो. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर सभेला गावातल्या निम्म्या सदस्यांची हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. हजेरीची वही वेगळी ठेवा. सही किंवा अंगठा सभेच्या वेळीच घ्या. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून सह्या गोळा करण्याची सवय फार गावांत आहे आणि ती घातक आहे. ज्यानं सभेत तोंड उघडलं नाही तो नियमही पाळत नाही.

सभेची वेळ बायकांना विचारून ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये त्या पहाटे मोह वेचायला जातात, जुलैत भाताच्या रोवणीत असतात, संध्याकाळी चूल असते. माझ्या अनुभवात दुपारी दोनची वेळ चालते, आणि बाजाराचा दिवस कधीच चालत नाही. वाळलेलं लाकूड कोण आणतं, कुठून आणतं, रानात कोणाची पायवाट नवी पडली आहे, हे बायकांना सगळ्यांत आधी माहीत असतं. त्या नसलेल्या सभेत रानाची अर्धीच बातमी असते.

मेंढ्याची आणखी एक रीत उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे अभ्यासगट. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ती गावात रुजवली. एखाद्या विषयावर आधी बसून फक्त बोलायचं, माहिती काढायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, आणि निर्णय मात्र नंतर सभेत, तोही सर्वसहमतीनं. मतदान नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेला जातो. हे वेळखाऊ वाटतं, पण रानाच्या बाबतीत ते फार शहाणपणाचं आहे. हरलेले दहा जण रात्री कुऱ्हाड घेऊन गेले तर जिंकलेल्या नव्वद जणांच्या ठरावाचा काय उपयोग?

समिती, आणि तिच्यावरची सभा

सभेतून वनहक्क समिती निवडा, 10 ते 15 जणांची. गावात आदिवासी असतील तर समितीत किमान दोन-तृतीयांश तेच हवेत, आणि स्त्रिया किमान एक-तृतीयांश. समितीचं काम दावा तयार करणं आणि जागेची पडताळणी करणं. निर्णय तिनं घ्यायचा नाही, तो सभेचा. रानाच्या रक्षणासाठी वनहक्क नियमांतल्या नियम 4(1)(ई) प्रमाणे वेगळी समिती करता येते, तिच्याकडे पुढं गस्त आणि व्यवस्थापन जातं.

अध्यक्ष कोण, यावर दोन-दोन सभा भांडणात जातात. माझा सल्ला असा की अध्यक्ष कोणीही करा, सचिव मात्र नीट अक्षराचा आणि गावातच राहणारा निवडा. तालुक्याला राहणारा सचिव म्हणजे तालुक्याला राहणारी कागदपत्रं.

सीमा चालून ठरवा

हा सगळ्यांत रसाळ टप्पा आहे, त्याला घाई करू नका. गावाची पारंपरिक सीमा नकाशात क्वचितच असते. ती असते म्हाताऱ्यांच्या पायांत. गावचा भूमिया किंवा गायता (देवाचं करणारा पुजारी), गुरं राखलेले दोन-तीन जण, कंदमुळं खणणाऱ्या दोन आज्या आणि मोबाईल हाताळणारी दोन पोरं अशी तुकडी करा. हिवाळ्यात, पानगळ सुरू झाल्यावर निघा, तेव्हा रानातून लांबचं दिसतं. देवाची जागा, स्मशान, जुनी बोडी (लहान तळं), नाल्याचा उगम, ज्या झाडाखाली शिकारीचा वाटा व्हायचा ते झाड, सोडलेल्या वस्तीची जोती अशा प्रत्येक खुणेवर थांबा. मोबाईलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा, फोटो घ्या, आणि आजीनं त्या जागेचं जे नाव सांगितलं ते तसंच, गोंडीत असेल तर गोंडीत, देवनागरीत लिहून ठेवा. एका फेरीला चार-पाच दिवस लागतात. शिदोरी सोबत न्या. ती चार दिवसांची पायपीट पोरांना रानाशी जोडते, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

घरी आल्यावर जमिनीवर रांगोळीनं किंवा राखेनं मोठा नकाशा काढा आणि सगळ्या गावाला त्यावर बोलू द्या. मग तो कागदावर उतरवा. वनविभागानं रानाचे जे तुकडे म्हणजे कक्ष पाडलेले असतात, त्यांचे क्रमांक त्यावर बसवा. हे क्रमांक नसले तर दावा परत येतो. वन आणि महसूल विभागाचे नकाशे पुरवणं ही उपविभागीय अधिकाऱ्यांच्या समितीची जबाबदारी आहे, नियमांतच तसं आहे. लेखी मागा, पोच घ्या.

शेजारच्या गावाशी सीमा जुळत नसेल, आणि ती कुठंतरी जुळत नसतेच, तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांची एकत्र बैठक घ्या, तीही त्याच वादाच्या जागेवर, झाडाखाली. दोन्ही गावं एखादा पट्टा वापरत असतील तर तो सामायिक लिहा. नियमांत याची सोय आहे. निकाल दोन्ही समित्यांच्या सह्यांनी लेखी ग्रामसभांकडे जातो, आणि नाहीच जमलं तर प्रश्न उपविभागीय समितीकडे. हा वाद टाळून कागदावर सीमा ओढलेल्या गावांचं पुढं काय झालं ते मी पाहिलं आहे. पहिल्याच तेंदूच्या हंगामात दोन गावं एकमेकांसमोर उभी राहिली.

पुरावे कुठून काढायचे

एकाहून अधिक पुरावे लागतात. विदर्भातल्या गावांचं नशीब असं की निस्तार पत्रक असतं. तहसील कार्यालयातून त्याची नक्कल काढा. गुरचराई, जळाऊ लाकूड, कुंपणाचे काटे, मातीच्या खाणी यांचे जुने हक्क त्यात लिहिलेले असतात. वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या रूढी-वहिवाटींची जुनी नोंद, मिळालं तर उत्तम. त्याच्या जोडीला जुने गॅझेटिअर, वनविभागाच्या कार्य आयोजनेतले (रानाच्या कामांच्या आराखड्यातले) उल्लेख, जागेवरच्या खुणांचे फोटो आणि वडीलधाऱ्यांचे जबाब द्या. जबाब लिहिताना कायद्याची भाषा घालू नका. “मी लहानपणी आजोबांबरोबर या नाल्यावर मासे धरायला येत होतो” हे वाक्य “सदर क्षेत्रात पारंपरिक वहिवाट आहे” यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. उपग्रह चित्रं असली तर जोडा, पण ती पूरक पुरावा म्हणूनच धरायची असतात. चित्रात दिसत नाही म्हणून कोणी दावा नाकारत असेल तर नियम दाखवा.

गावात बिगरआदिवासी कुटुंबं असतील तर तीन पिढ्यांची, म्हणजे 13 डिसेंबर 2005 च्या आधीची 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. ही अट ऐकून गावं घाबरतात. तीही जुन्या नोंदींतून आणि ज्येष्ठांच्या जबाबांतून दाखवता येते.

दावा, पडताळणी, पाठपुरावा

सामूहिक वनसंसाधनासाठी स्वतंत्र नमुना आहे, इंग्रजी नियमांत तो ‘सी’ म्हणून येतो. ‘बी’ नमुना सामूहिक वापराच्या हक्कांसाठी. दोन्ही भरा. फक्त ‘बी’ भरलेल्या गावांना वनोपज गोळा करण्याचा हक्क मिळाला, पण रान राखण्याचा अधिकार कागदावर आला नाही.

पडताळणीची तारीख वन आणि महसूल दोन्ही विभागांना लेखी कळवा. ते आले तर त्यांची सही, पदनाम आणि तारीख पंचनाम्यावर घ्या. आले नाहीत आणि नंतर गैरहजेरीच्या कारणानं हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला येतो. तेव्हाही कोणी आलं नाही तर जागेच्या पडताळणीवर ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरायचा असतो. म्हणून प्रत्येक पत्राची पोच जपा. एका गावात अशी पोचपावती सचिवाच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली आणि दोन वर्षं अडकलेला दावा हलला.

दावा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. कोणत्याही पायरीवर निर्णय विरुद्ध गेला तर कारण लेखी मिळालंच पाहिजे, आणि कळल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रासाठी 2020 पासून जिल्हा समितीच्या वर विभागीय पातळीवरही अपिलाची सोय आहे. तोंडी “तुमचं होणार नाही” याला निर्णय म्हणत नाहीत, आणि निरोप म्हणून तो स्वीकारूही नका.

हक्कपत्र हातात आलं की फोटो काढण्याआधी ते भर सभेत मोठ्यानं वाचा. कक्ष क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा एकेक तपासा. दाव्यातले काही कक्ष गळालेले असतील तर त्याच आठवड्यात पत्र द्या.

नियम: थोडे, स्वतःचे, पाळता येणारे

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हजार हेक्टरांच्या आसपास रान मिळालं. त्यांनी सभेत बसून नियम केले, काही भाग पूर्ण राखीव ठेवला, आणि तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. पानासाठी झाडं छाटली जातात, रानाला आग लावली जाते, आणि तेंदूची फळं माणसांना, पाखरांना मिळत नाहीत, हे त्यांचं कारण. हातातलं रोख उत्पन्न सोडून घेतलेला हा निर्णय आहे. प्रत्येक गावानं तेच करावं असं मी म्हणत नाही. पण असा निर्णय गाव घेऊ शकतं आणि निभावू शकतं, हे सभेत आवर्जून सांगावं.

धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यानं वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चारशे हेक्टरांहून जास्त रान कुऱ्हाडबंदी आणि दंडाच्या नियमांवर उभं केलं. तिथले चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्यानं रानभाज्यांची स्पर्धा सुरू केली, ती मला दंडाइतकीच महत्त्वाची वाटते. रान म्हणजे फक्त लाकूड, हा समज पोरांच्या डोक्यातून तिनं काढला.

नियम करताना सुरुवात बंदीनं करू नका. आधी गरज मोजा: घरटी जळणाला किती लागतं, नांगराला, बैलगाडीच्या आखाला, घराच्या आढ्याला वर्षात किती आणि कोणती झाडं लागतात. हे आकडे फळ्यावर आले की गाव आपोआप गप्प होतं. मग ठरवा: जळणासाठी फक्त वाळलेलं, ओल्या झाडाला हात नाही, डोईवरचा भारा चालेल, बैलगाडी नाही, बिज्याला डिंकासाठी खाचा पाडायच्या नाहीत, चारोळी पिकण्याआधी तोडायची नाही. दंड लहान ठेवा, पण तो सरपंचाच्या मुलालाही तसाच लागू द्या. पहिला दंड कोणाला झाला यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

आता गस्त

पहिल्या फेरीत जुने खुंट मोजा. प्रत्येकाचा घेर टेपनं घ्या, गेरूनं क्रमांक टाका, वहीत लिहा. हे एकदा केलं की त्यानंतर दिसणारा प्रत्येक बिनक्रमांकाचा खुंट नवा, त्यावर वाद उरत नाही. हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक गावं ते टाळतात. मग महिनाभरानं “हा तर जुनाच आहे” अशी उत्तरं ऐकत बसतात.

पाळी लावण्यासाठी ओडिशातली रीत साधी आणि जुनी आहे. नयागढ जिल्ह्यात रणपूर भागातल्या गावांमध्ये बायका ती चालवतात, तिथं तिला ठेंगापाळी म्हणतात. गस्त घातलेल्यांनी संध्याकाळी काठी पुढच्या घराच्या दाराशी ठेवायची. काठी दाराशी आली की दुसऱ्या दिवशी पाळी त्या घराची. निरोप नाही, यादी नाही, सबब नाही. रोज चार घरांतून एकेक माणूस पुरतो.

गस्तीत कुऱ्हाड नेऊ नका. काठी, पाणी, शिट्टी, वही आणि एक चालू मोबाईल एवढं पुरे. एकट्यानं कधीही जायचं नाही. आपल्याच गावचा माणूस ओलं तोडताना सापडला तर हुज्जत घालू नका, सभेत विषय आणा. बाहेरची टोळी दिसली, गाडी दिसली, तर लांब राहा. गाडीचा क्रमांक, माणसं किती, दिशा आणि वेळ एवढं टिपा आणि मागे फिरा. अटकेचा अधिकार वनाधिकाऱ्यांचा आणि पोलिसांचा आहे, आणि एका झाडासाठी माणूस गमावायचा नाही. वनरक्षकाला फोन करा, सोबत वनविभागाच्या 1926 या क्रमांकावरही कळवा, म्हणजे तक्रारीची नोंद होते. माल जागेवरच सोडून पळाले असतील तर तो हलवू नका. पंचनामा होईपर्यंत दोघं-दोघं आळीपाळीनं बसा. वनविभागानं नोंदवलेल्या गुन्ह्याचा क्रमांक मागून घ्या आणि तो पुढच्या सभेत वाचून दाखवा.

वनरक्षकाशी वैर धरू नका. त्याच्या एका बीटात कितीतरी गावांचं रान येतं आणि तो बहुधा एकटाच असतो. त्याला सभेला बोलवा, आपली वही दाखवा. चांगला गार्ड असेल तर त्याला हवे असतात तेवढे डोळे गावाकडे आहेत, आणि तो चांगला नसेल तरी वही पाहिल्यावर सावध होतो.

फेब्रुवारी ते जून: आग

सागाच्या रानाचं सर्वांत मोठं नुकसान कुऱ्हाडीहून आगीनं होतं, हे मला उशिरा समजलं. मोठा साग जमिनीवरची आग सोसतो, पण त्याखालची दोन वर्षांची रोपटी जळून जातात. दरवर्षी जळलं की वर म्हातारी झाडं आणि खाली नुसतं गवत असं रान उरतं.

आग बहुतेक वेळा माणसाचीच असते. मोहाखालचा पाला जाळला की फुलं चटकन दिसतात, तेंदूला नवी पालवी चांगली फुटते, म्हणून लावली जाते. त्यामुळे उपाय तिथंच करा. मोहाखाली जुन्या साड्या शिवून किंवा जाळी अंथरा. फुलं माती न लागता मिळतात आणि दरही बरा येतो. पाला जाळायची गरजच उरत नाही. तेंदूच्या ठेकेदाराशी करार करताना आगीची अट लिहून घ्या: त्या भागात आग लागली तर अनामतीतून कापणार.

जानेवारी संपायच्या आत जाळरेषा साफ करा. गावाच्या सीमेवरच्या आणि आतल्या पायवाटा, बैलगाडी जाईल इतक्या रुंद, पाला झाडून मोकळ्या ठेवा. मार्चमध्ये पुन्हा झाडाव्या लागतात, सागाची थाळ्याएवढी पानं पडतच राहतात. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे इशारे मोबाईलवर पाठवतं. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी मोफत आहे. गावातल्या दोन पोरांचे नंबर तिथं घाला. इशारा येईपर्यंत आग थोडी पसरलेली असू शकते, म्हणून टेकडीवरचा राखणदार हवाच. विझवताना हिरव्या फांद्यांनी आगीच्या कडेकडेनं झोडपत चला, वाऱ्याच्या समोर आणि चढावर आगीच्या वर कधीही उभं राहू नका. सुती कपडे घाला. नायलॉन अंगाला चिकटतो.

रान वाढवायला रोपं लागतातच असं नाही

लावणीच्या उत्साहाला मी नेहमी थोडा आवर घालतो. सागाच्या खुंटाला जोमानं फुटवे येतात. दोन पावसाळे झाले की एका खुंटावर सरळ, जमिनीलगतचा एखादाच फुटवा ठेवा, बाकीचे काढा. त्याला तयार मूळ मिळालेलं असतं, रोपापेक्षा तो कितीतरी वेगानं वाढतो. चराईबंदी आळीपाळीनं करा: रानाचे चार-पाच भाग करून एकेक भाग काही वर्षं बंद. बिजा, हळदू, शिसम यांची लहान रोपटी अनेक ठिकाणी कमी दिसतात. ती दिसतील तिथं काटेरी फांद्यांची कुंपणं करा.

घाणेरी (रानात माजणारं लँटानाचं झुडूप) उपटायची तर फुलं-फळं येण्याआधी. नुसती कापली तर दुप्पट फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली तोडून झुडूप उलटं ठेवायचं, मुळं वर. तीन वर्षं त्याच जागी परत यावं लागतं.

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असे पाच-सहा चौकोन दोऱ्यानं आखून ठेवा. दरवर्षी एकाच महिन्यात त्यातली रोपटी आणि झाडं मोजा. शाळेतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात.

पैसा उघड्यावर ठेवा

2009 मध्ये हक्क मिळूनही मेंढ्याला बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळत नव्हता. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आज तुमची ग्रामसभा स्वतःचा परवाना देऊ शकते, तो त्या भांडणाचा वारसा आहे.

पैसा आला की गावाची खरी परीक्षा सुरू होते. ग्रामसभेचं स्वतंत्र बँक खातं, तीन सह्या, त्यात एक बाई. जमाखर्च दर सभेत वाचायचा आणि समाजमंदिराच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. तेंदूचा लिलाव करताना सर्वांत वरच्या बोलीला भुलू नका, अनामत किती आणि हप्ते कधी ते आधी पाहा. पान भरून गेल्यावर पैसे न देणारे ठेकेदार अनेक गावांना भेटले आहेत. मेळघाटाच्या कडेला असलेल्या पायविहीरनं 192 हेक्टर उजाड रानात राखण केली आणि सीताफळाची विक्री स्वतः उभी केली. लहान क्षेत्र असलेल्या गावांनी तिथं जाऊन यावं.

एक गाव पुरत नाही

चोरटा एका गावानं हाकलला की शेजारच्या रानात जातो. आग सीमा ओळखत नाही. ठेकेदार एकेका गावाला वेगळा दर सांगतो. म्हणून गावांचं जाळं हवं. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. लिलाव एकत्र, कागदपत्रांची मदत एकत्र, खाणीच्या प्रश्नावरही एकत्र. त्या उभारणीमागे परिसरातल्या बायकांच्या संघटनेची मोठी ताकद होती.

तुम्ही सुरुवात पाच गावांनी करा. प्रत्येक गावातून दोन बाया, दोन पुरुष, महिन्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या गावात. महाग्रामसभेनं एकाही गावाच्या रानाबद्दल परस्पर निर्णय घ्यायचा नाही, हे पहिल्या पानावर लिहा. गस्तीच्या वह्या तिथं एकमेकांना दाखवा. एकाच गाडीचा क्रमांक तीन वह्यांत सापडतो तेव्हा तक्रारीला वजन येतं.

खासगी रान असलेल्या कोकणातल्या वाचकांसाठी थोडंसंच. तिथं वाट वेगळी आहे. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात 16 अनुसूचित झाडं आहेत: साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, फणस, हिरडा वगैरे. ती तोडायला मालकालाही परवानगी लागते, आणि परवानगीची प्रत माहिती अधिकारात मिळते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात नागरिकांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2013 पासून वृक्षतोडीला बंदी आहे. तिथं तोड दिसली की आदेशाचा हवाला देऊनच तक्रार करा.

शहरातून मदत करू पाहणाऱ्यांना एवढंच सांगेन: नकाशे जुळवून द्या, अर्ज टंकून द्या, तहसीलच्या नकला काढून द्या, सभेत मागे बसा आणि विचारल्याशिवाय बोलू नका. गावाला वेळ लागतो तेव्हा तो लागू द्या.

पहिल्या वर्षी सुरुवात दिवाळीनंतर करा. नोव्हेंबरमध्ये सभा, डिसेंबर-जानेवारीत सीमा आणि खुंटांची मोजणी, फेब्रुवारीच्या आत जाळरेषा, मोहाआधी नियम. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर सीमा पुन्हा एकदा चालून या. नाल्याकाठचे खुणेचे दगड वाहून गेलेले असतात, ते लगेच बसवले तर जागा नेमकी सापडते.